ताऱ्यांचे फोटो : आधी बैठक, मग दुर्बीण

लोणावळ्याच्या नैर्ऋत्येला, नागफणीच्या कड्याच्या अलीकडे कुरवंडे हे गाव आहे. गावाच्या पश्चिमेला सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण लागते. समजा, अशा एखाद्या गावातील शाळेने स्नेहसंमेलनातून आणि माजी विद्यार्थ्यांकडून थोडे पैसे जमवले आणि ठरवले, की आता आकाशाचे फोटो काढायचे. दुकानात गेल्यावर बहुधा दुर्बिणीचा एक खोका समोर येतो. त्यावर ‘५०० पट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि शेजारी एखाद्या तेजोमेघाचे रंगीत चित्र असते. ते चित्र त्या दुर्बिणीतून घेतलेले आहे, असे मात्र कोणी समजू नये. शाळेकडे पैसे वारंवार जमत नाहीत. ते डळमळत्या पायांच्या दुर्बिणीवर खर्च झाले, की ती दुर्बीण प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एक छोटे गणित करावे.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. त्यामुळे खविषुववृत्ताजवळचा तारा, उदाहरणार्थ मृगाच्या बाणातील कोणताही तारा, दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. कॅमेऱ्याच्या आत त्याची प्रतिमा किती सरकते? भिंगाच्या नाभीय अंतराला १३,७०० ने भागले, की एका सेकंदातील सरक मिळते. (हा आकडा कोठून आला, ते तुम्हीच काढा. नाक्षत्र दिवसाचे सेकंद आणि २π एवढीच सामग्री पुरे.) नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर सरक सुमारे ३.६ मायक्रॉन येते. १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ती ७३ मायक्रॉन होते. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एका पिक्सेलची रुंदी चार मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे स्थिर ठेवलेल्या दुर्बिणीत तारा एका सेकंदात अठरा पिक्सेल ओलांडून जातो! अंधूक तेजोमेघासाठी तर मिनिटेच्या मिनिटे झडप उघडी ठेवावी लागते. तेव्हा खरा प्रश्न ‘किती पट मोठे दिसते’ हा नाही. प्रतिमा जागच्या जागी किती वेळ धरून ठेवता येते, हा आहे.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक सुंदर उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवर दिले गेले. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सोलापूर जिल्ह्यातील जेऊरवरून गेला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला तेथे वर्णपटाचे फोटो घेण्यासाठी तळ ठोकून होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथे आले होते आणि त्यांच्याबरोबर ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. त्यात सूर्याची प्रतिमा सुमारे साडेअकरा सेंटिमीटर व्यासाची पडे. पण ती दर सेकंदाला पाऊण मिलिमीटरहून अधिक सरके. चाळीस फुटांचे नळकांडे सूर्यामागे फिरवायचे कसे? त्यांनी ते फिरवलेच नाही. भिंग आणि नळकांडे स्थिर ठेवले आणि फक्त फोटोची काच घड्याळयंत्राने रुळांवर सरकवली. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. त्या दोन मिनिटांसाठी भिंगाइतकाच विचार काच सरकवणाऱ्या यंत्राचाही झाला होता.

आपल्याला रूळ टाकायचे नाहीत. पण त्यांनी ज्या क्रमाने विचार केला, तो क्रम घेण्यासारखा आहे.

चंद्राची गोष्ट वेगळी आहे. तो इतका तेजस्वी असतो, की १/१२५ सेकंद पुरतो आणि तेवढ्या वेळात १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीतही प्रतिमा पिक्सेलच्या अंशाइतकीच हलते. येथे साधी दुर्बीण चालते; नेत्रिकेला मोबाईल चिमट्याने घट्ट बसवला तरी विवरे छान येतात. मोठा कॅमेरा लावायचा असेल तर दोन वस्तू लागतात. एक, कॅमेऱ्याच्या जातीची टी-रिंग. दुसरी, नेत्रिकेच्या जागी बसणारी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी. मात्र काही स्वस्त परावर्ती दुर्बिणींत कॅमेरा जोडल्यावर प्रतिमा स्पष्टच होत नाही, कारण नाभी नळीच्या इतक्या आत पडते, की संवेदक तेथवर पोचत नाही. मध्ये बार्लो भिंग घातले तर बहुधा काम होते. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून आपलाच कॅमेरा लावून लांबचा दिवा स्पष्ट करून घ्यावा. त्याला कंटाळा आला तरी. सूर्याकडे मात्र दुर्बीण वळवायची तर गाळणी वस्तुभिंगाच्या पुढेच हवी. नेत्रिकेला लावायची छोटी काळी काच उष्णतेने तडकू शकते. खोक्यात ती मिळाली तर फोडून टाकावी.

ग्रहांना लागतो वेगळाच कॅमेरा. गुरू मोठ्यात मोठा दिसतो तेव्हाही १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत त्याची प्रतिमा पाव मिलिमीटरहून लहान असते. तेथे छोट्या संवेदकाचा, वेगाने चित्रफीत घेणारा कॅमेरा बरा. हजारो चित्रांतून हवा स्थिर असतानाची निवडून एकत्र करतात. तो छंद वेगळा आणि खर्चही वेगळा, म्हणून येथे एवढेच.

आता तारकासमूह आणि तेजोमेघ. माझे स्पष्ट मत असे, की शाळेने पहिल्या वर्षी दुर्बिणीतून यांचे फोटो काढण्याच्या भरीस पडू नये. हाताने झडपेचा वेळ ठरवता येईल असा एखादा वापरलेला कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग, भक्कम ट्रायपॉड आणि पुढे सांगितलेली लाकडी बैठक एवढे पुरे. ही बैठक ग्लासगोच्या जी. वाय. हेग यांच्या नावाने ओळखली जाते. ती १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाली आणि कोणताही सुतार एका दिवसात करून देईल.

दोन फळ्या एका बाजूने बिजागरीने जोडायच्या. खालची ट्रायपॉडवर, वरचीवर बॉलहेड आणि कॅमेरा. खालच्या फळीतून एक मिलिमीटर आट्यांचा, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा नेहमीचा बोल्ट वर आणायचा. एक फेरी दिली की वरची फळी एक मिलिमीटर उचलली जाते. मिनिटाला एक फेरी द्यायची असेल तर बोल्ट बिजागरीपासून किती दूर हवा? नाक्षत्र दिवसात १४३६ मिनिटे असतात. ज्या वर्तुळाचा परीघ १४३६ मिलिमीटर, त्याची त्रिज्या २२८.५ मिलिमीटर. तेवढेच अंतर घ्यायचे. बोल्टाच्या डोक्याला पुठ्ठ्याची तबकडी चिकटवून घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर हाताने फिरवत राहायचे. मोटार नको, वीज नको. बिजागरी पश्चिमेकडे आणि उघडणारी कड पूर्वेकडे असावी.

बिजागरीचा आस मात्र खगोलीय ध्रुवाकडे हवा. कुरवंड्याचे अक्षांश सुमारे पावणेएकोणीस आहेत, म्हणून आस क्षितिजाशी तेवढाच कोन करील. इंग्लंडमधील पुस्तकांतल्या आकृत्या पाहून पाचर कापली तर ती पन्नास अंशांची होईल आणि सगळे बिघडेल. बिजागरीला शीतपेयाची नळी चिकटवून तिच्यातून ध्रुवतारा पाहावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. ती चूक चालेल का? हिशेब केला तर ५० मिलिमीटरच्या भिंगात एका मिनिटात फार तर अडीच मायक्रॉन सरक येते. पिक्सेलहूनही कमी! तीच चूक १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत सुमारे पन्नास मायक्रॉन होते. तेथे खरी विषुववृत्तीय बैठक घ्यावी लागते, आणि ती जेवढे वजन पेलते असे लिहिलेले असते त्याच्या निम्मेच तिच्यावर लादावे.

एकेका मिनिटाचे साठ फोटो काढून संगणकावर एकावर एक बसवले, तर प्रकाश साठ पट होतो आणि गोंगाट साठाच्या वर्गमुळाइतकाच, म्हणजे पावणेआठ पट वाढतो. यासाठी ‘सिरिल’सारखी प्रणाली फुकट मिळते. भिंग एफ/१.८ चे असले तरी एफ/२.८ किंवा एफ/४ वर ठेवावे, म्हणजे कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटत नाहीत. साध्या कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बराच अडवते, म्हणून काही लोक ती काढून घेतात. शाळेने त्या फंदात पडू नये. मृगातील तेजोमेघ गाळणीसह उत्तम येतो.

कुरवंड्याच्या ईशान्येला लोणावळा, वायव्येला खाली खोपोली. त्या दिव्यांची आभा उत्तरेकडच्या आकाशावर चढते, म्हणून कॅमेरा दक्षिणेकडे वळवावा. एप्रिलच्या मध्यास, मध्यरात्रीच्या सुमारास, नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ तेथे क्षितिजापासून चोवीस अंशांपर्यंत चढतो. लंडनच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. पूर्ण चंद्राएवढा हा गुच्छ ५० मिलिमीटरच्या भिंगात लहानसा पण केसाळ ठिपका म्हणून उमटेल आणि १३५ मिलिमीटरच्या भिंगात कापसाच्या गोळ्यासारखा.

थंडीत दव भिंगावर बसते. काळ्या कार्डबोर्डची, भिंगाच्या दीड-दोन पट लांबीची नळी पुढे लावली तर तासभर निभते.

जून ते सप्टेंबर येथे आकाश दिसत नाही, पण उपकरणांची खरी परीक्षा तेव्हाच असते. लोणावळ्याच्या पावसाळी हवेत चामड्याच्या पिशवीतल्या भिंगावर बुरशी धरते. ती आतल्या काचेवर पसरून लेप खाते आणि मग पुसूनही जात नाही. भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करता येतात. पण त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून त्यासाठी स्वयंपाकघरातला तवा वापरू नये, जुना पत्र्याचा डबा वेगळा ठेवावा.