शेतकऱ्याची अहिंसा

जैन म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पेढीवरचा व्यापारी उभा राहतो. परंतु सांगलीकडे कृष्णा-वारणेच्या कांठीं पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारे दिगंबर जैन शेतकरी गांवोगांव आहेत. नांगराच्या फाळाखालीं असंख्य जीव मरतात. मग अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्यांनीं शेती करावी तरी कशी?

जैन आचारशास्त्र मुनींना महाव्रतें व गृहस्थांना अणुव्रतें सांगतें. हिंसेचे त्यांत चार प्रकार मानिले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी. मारण्याच्या हेतूनें केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी वर्ज्य आहे. घरकामांतली, उद्योगांतली व आत्मरक्षणांतली हिंसा त्याला समूळ टाळतां येत नाहीं. ती त्यानें दक्षतेनें कमी करावयाची. मात्र तीहि हिंसाच; तिला पुण्य म्हणावयाचें नाहीं. चीनमधील ताओ मत सृष्टीच्या ओघावर बळजोरी करूं नका असें सांगतें. जैन मत त्यापुढें जाऊन माणसाकडून व्रत मागतें.

हें व्रत किड्यामुंगीपुरतें नाहीं. माणसाचें मन दुखविणें हीहि हिंसाच. कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबांत १८८७ सालीं जन्मलेल्या भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवीत.