काष्ठौषधींच्या दुकानातला दिवस

सकाळी साडेनऊ
पुण्यातल्या रविवार पेठेतलं दुकान उघडलं की आधी बाटल्या पुसायच्या. सगळ्या गडद काचेच्या. उजेडानं तेलं बिघडतात आणि लवंगेचं तेल हलकं प्लॅस्टिक खातं.

दहा
पावसाळ्यात पहिलं गिऱ्हाईक हमखास नीलगिरीचं. आज एक आजी. "नातवाच्या छातीला चोळायचंय, नाकाखालीही लावीन."
"केवढा आहे?"
"आठ महिन्यांचा."
"मग आजी, हे नको. कापूरही नको. एवढ्या लहानाचा श्वास अडकू शकतो. डॉक्टरांना दाखवा."
"आमची पोरं यावरच वाढली," म्हणत त्या समोरच्या दुकानाकडे वळल्या. असं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

साडेअकरा
गाल धरून आलेला रिक्षावाला. लवंगेचं तेल, कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब, दाढेपुरता; हिरडीला लागलं तर भाजतं. दाताचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात, त्यातही लवंगेतलंच युजेनॉल असतं. पण ठणका थांबला म्हणून कीड जात नाही, हे त्याला दोनदा सांगितलं.

एक
डबा खाण्याआधी अमृतधारा करून ठेवतो. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर, तिन्ही समभाग. म्हणजे थायमॉल, मेंथॉल आणि कापूर. तिन्ही कोरडे खडे. पाणी नाही, विस्तव नाही. एका बाटलीत घालून बूच लावायचं आणि हलवत राहायचं. खड्यांच्या कडा ओलावतात, तळाशी पाझर जमतो आणि थोड्या वेळानं बाटलीत नुसता पाण्यासारखा द्रव उरतो. एकत्र आले की त्यांचा वितळणबिंदू उतरतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. तरी मी दर वेळी जेवण विसरून बघत बसतो.

चार
दलाल रोशा तेलाचा नमुना घेऊन आला. खानदेशच्या डोंगरांतलं हे गवत. त्याचं तेल पूर्वी मुंबईहून तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथं गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जायचं. आता भेसळ याच्यातच होते. थेंब कागदावर टाकून ठेवला. तासाभरानंही तेलकट डाग तसाच. माल परत.

सहा
एका गिऱ्हाइकाला फरशी पुसायला सिट्रोनेला हवंय. नुसतं बादलीत ओतलं तर वर तरंगतं. आधी साबणाच्या पाण्यात घोटून घ्यावं लागतं. आणखी टी ट्रीही मागितलं. घरात मांजर आहे का, विचारलं. आहे. मग टी ट्री दिलं नाही. मांजराला ते विषारी.
असलं तेल अंगाला लावायचं असेल तर सहा चमचे खोबरेल तेलाला दहा-बारा थेंब, असं चिठ्ठीवर लिहून देतो. लोकांना ते फार कमी वाटतं.

साडेआठ
लग्नघरच्या चौघीजणी. मोगरा हवा, तोही स्वस्तातला. "ताई, हा कारखान्यातला वास आहे, फुलाचा नाही. बाटलीवर तसं लिहिलंय." खऱ्या मोगऱ्याचा भाव सांगितला. चौघी एकमेकींकडे बघून हसल्या.
"काका, कारखान्यातलाच द्या. सहा बाटल्या."

दिल्या.