चेन पडते? आधी रेष बघा, मग स्प्रिंग!



मागच्या व्हिडिओत आपण गिअरची सायकल सिंगल-स्पीड कशी करायची ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "सर, टेन्शनर बसवला तरी चेन पडते. स्प्रिंग अजून टाईट करू का?"

उत्तर आधीच सांगतो. नाही. स्प्रिंगला हातही लावू नका. का, ते सांगण्याआधी माझ्या दुकानातला एक किस्सा ऐका. हा किस्सा मी बरेच दिवस कॅमेऱ्यासमोर सांगायचं टाळत होतो, कारण यात चूक माझीच आहे.

तीन वेळा परत आलेली सायकल

दुकान सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं. बीबीए केलेलं, कॅश फ्लो आणि मार्केटिंग पाठ, पण हातात पाना धरून फार दिवस झाले नव्हते. आमच्या भागात पेपर टाकणारे एक मामा आले. जुनी गिअरची सायकल, शिफ्टर गेलेला, पावसात गिअर अडकायचे. म्हणाले, "हे गिअर-बिअर काढून टाका ओ. एकच ठेवा, पण रोज चालली पाहिजे."

सांगली-मिरजेचा रस्ता सपाट. एक गिअर पुरतो. मी मागच्या कॅसेटच्या जागी एकच दातेरी चकती आणि स्पेसर बसवले, डिरेलर काढून टेन्शनर लावला, नवीन चेन टाकली. मजुरी २०० रुपये घेतली. तासाभरात काम झालं. मी खूश.

चार दिवसांनी मामा परत. "चेन पडली की ओ." मी टेन्शनरची स्प्रिंग ताणली. आठवड्याने पुन्हा. मी अजून ताणली, चेनची एक जोडी कमी केली. तिसऱ्या वेळी ते आले तेव्हा गुडघ्याला पट्टी होती. पहाटे, मागे पेपरचा गठ्ठा, पुलाच्या चढाला उभं राहून पॅडल मारताना चेन सटकली आणि ते सायकलीसकट आडवे झाले. एक शब्द रागाने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मला पहाटे चारला निघावं लागतं. त्या वेळी दुसरं दुकान उघडं नसतं."

ते वाक्य अजून डोक्यात आहे.

शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टेन्शनरकडे बघितलंसुद्धा नाही. सायकलीच्या मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "चेन तिरकी चाललीय. स्प्रिंग काय करंल?"

मोजलं तर पुढचं चेनव्हील सायकलीच्या मध्यापासून ४८ मिमीवर आणि मागची चकती ४१ मिमीवर. चेन ७ मिमी तिरकी धावत होती आणि मी तीन आठवडे स्प्रिंग ताणत बसलो होतो.

टेन्शनरचं काम काय, आणि काय नाही

साध्या एका गिअरच्या सायकलीत मागचं चाक ज्या खाचेत बसतं ती आडवी असते. चेन ढिली झाली की नट सैल करायचे, चाक मागे ओढायचं, काम संपलं. गिअरच्या सायकलीत ती खाच बहुतेक वेळा उभी असते. चाक मागे सरकतच नाही. म्हणून चेनची ढिलाई काढायला टेन्शनर लागतो. तो डिरेलरच्याच जागी, हँगरवर बसतो.

म्हणजे टेन्शनर ढिलाई काढतो. तिरकेपणा काढत नाही. उलट तिरक्या चेनला जास्त ताण दिला की आवाज वाढतो, दाते लवकर झिजतात, आणि चेन पडायची तेव्हा पडतेच. गिअरच्या सायकलीत थोडा तिरकेपणा चालतो, कारण तिथली चेन बाजूला वाकण्यासाठीच केलेली असते आणि डिरेलर तिला सांभाळतो. सिंगल-स्पीडमध्ये सरळ रेष हाच चेनचा मुख्य आधार.

चेन कुठे पडते ते आधी विचारा

गिऱ्हाईक आलं की पाना उचलू नका. प्रश्न विचारा: चेन पुढे उतरते की मागे?

पॅडल मारताना चेनचा वरचा भाग मागून पुढे ओढला जातो आणि चेनव्हीलवर चढतो. खालचा भाग पुढून मागे येतो, टेन्शनरच्या पुलीवरून जातो आणि मागच्या चकतीवर चढतो. चेन दात्यांवर चढताना चुकते. म्हणून:

- पुढे उतरत असेल तर संशय चेनलाईनवर. पुढचं आणि मागचं एका रेषेत नाही.
- मागे उतरत असेल किंवा मागून कटकट आवाज येत असेल तर संशय टेन्शनरवर. पुली चेनला चकतीवर तिरकी चढवतेय.

दोन्ही दोष एकत्रही असतात. पण या एका प्रश्नाने तुमची वीस मिनिटं वाचतात.

आता कामाला लागू. क्रम मोडू नका.

१. आधी खेळ काढा. चाक खाचेत पूर्ण बसलंय का? हबला खेळ आहे का? क्रँक धरून आडवा हलवा. बीबी सैल असेल तर आधी ती दुरुस्त करा. हलणाऱ्या वस्तूचं माप खोटंच येणार.

२. पुढचं माप. सीटखालच्या नळीचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि निम्मा करा. नळीच्या कडेपासून चेनव्हीलच्या दात्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. दोन्हींची बेरीज म्हणजे पुढची चेनलाईन. उदाहरण: नळी २८.६ मिमी, निम्मी १४.३. दात्यापर्यंत ३३.७. बेरीज ४८ मिमी.

३. मागचं माप. दोन्ही खाचांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर घ्या. एमटीबी प्रकारच्या बऱ्याच सायकलींत ते १३५ मिमी, रोड सायकलींत १३० मिमी असतं. त्याचं निम्मं करा आणि उजव्या खाचेच्या आतल्या बाजूपासून चकतीच्या दात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करा. १३५ चं निम्मं ६७.५. चकती खाचेपासून १९.५ मिमी आत असेल तर ४८ मिमी. पुढचं-मागचं जुळलं. मामांच्या सायकलीत हेच अंतर २६.५ होतं, म्हणून ४१ आलं.

४. फरक काढा. माझ्या दुकानाचा नियम: फरक १ मिमीच्या आत. दीड-दोन मिमीने लगेच आकाश कोसळत नाही, पण आपण मापूनच काम करतोय तर नीट करू.

मागे कॅसेटचा हब असेल तर काम सोपं. चकती बाहेर घ्यायची तर तिच्या मागे (स्पोकच्या बाजूला) जास्त स्पेसर, पुढे कमी. आत घ्यायची तर उलट. एकूण जाडी तेवढीच ठेवा, नाहीतर लॉकरिंग नीट बसणार नाही. मामांच्या सायकलीत नवीन एकही पार्ट लागला नाही. सात मिमीचे स्पेसर एका बाजूचे दुसऱ्या बाजूला घातले, बस्स!

सावधान: स्वस्त गिअरच्या सायकलींत मागे कॅसेट नसतो, आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. तिथे सिंगल फ्रीव्हीलची जागा ठरलेली, स्पेसरचा हा खेळ चालत नाही. फार तर मागे एक पातळ स्पेसर घालून थोडं बाहेर आणता येतं. फरक जास्त असेल तर अ‍ॅक्सलवरचे स्पेसर बदलून चाक पुन्हा मध्यावर आणावं लागतं, किंवा वेगळ्या लांबीची बीबी घालून पुढचं चेनव्हील सरकवावं लागतं. हे वेगळं काम, वेगळा दर. आणि गिऱ्हाइकाला हे आधी सांगायचं.

५. हँगर तपासा. सायकल उजव्या अंगावर कधी पडली असेल तर हँगर वाकलेला असण्याची शक्यता मोठी. वाकलेल्या हँगरवर सरळ टेन्शनर बसवला तरी पुली तिरकीच. गेज नसेल तर एक जुनी युक्ती आहे. क्विक-रिलीजच्या मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलच्या आट्या बहुधा १० मिमी जाडीच्या आणि १ मिमी अंतराच्या असतात, आणि हँगरच्या आट्याही तशाच. असं सुटं चाक हँगरमध्ये फिरवून बसवा. दोन्ही रिममधलं अंतर चारही बाजूंना सारखं दिसलं पाहिजे. नसेल तर हँगर हळूहळू सरळ करा. ॲल्युमिनियमचा असेल तर जास्त वाकवू नका, तुटतो. बदलता येणारा असेल तर नवीनच घाला.

६. आता टेन्शनर. लावा आणि सायकलीच्या मागे बसून एक डोळा मिटून बघा. चेनव्हील, पुली, चकती एका रेषेत हवेत. पुली आत-बाहेर असेल तर तिच्या बोल्टवर पातळ वायसर कमी-जास्त करा. जुना डिरेलर टेन्शनर म्हणून वापरत असाल तर पुली लिमिट स्क्रूने जागेवर आणा. स्क्रू पुरत नसेल तर केबलचा छोटा तुकडा आवळून तिला तिथेच थांबवा. स्वस्तात चांगलं काम होतं.

टेन्शनर चेनला वर ढकलणारा असेल तर चेन चकतीच्या जास्त दात्यांना धरते. खाली ओढणारा असेल तर कमी. दोन्ही पद्धतीने लागणारा टेन्शनर असेल तर मी वर ढकलणारी पद्धत निवडतो.

७. चकती कुठली आहे? कॅसेटमधून काढलेल्या चकतीचे काही दाते मुद्दाम छाटलेले असतात, चेन सहज दुसऱ्या गिअरवर जावी म्हणून. आपल्याला चेन जायलाच नको आहे! सगळे दाते पूर्ण उंचीचे असलेली सिंगल-स्पीडची चकती वापरा. चेनची रुंदीही जुळवा. गिअरची चेन आतून ३/३२ इंच, साध्या सायकलीची १/८ इंच. जाड दात्यांवर अरुंद चेन बसत नाही.

८. चाचणी. मागचं चाक उचलून पॅडल पुढच्या दिशेने फिरवा. बोटं चेनपासून लांब! मग स्वतः चालवा. उभं राहून जोर लावा, गतिरोधकावरून न्या. गिऱ्हाईक जसं वापरणार तसं वापरून बघा. मी मामांची सायकल देताना मागे वाळूची पिशवी बांधून त्याच पुलावर तीन फेऱ्या मारल्या. त्यानंतर त्या सायकलीची चेन पडल्याची तक्रार माझ्याकडे आली नाही.

आता धंद्याचं गणित

तुम्ही म्हणाल, सर, हा चॅनल धंद्याचा की मिस्त्रीकामाचा? ऐका.

पहिल्या दिवशी मी १ तास काम केलं. मग तीन वेळा परत आल्यावर प्रत्येकी पाऊण तास. एकूण सव्वातीन तास. मजुरी २०० रुपये. म्हणजे तासाला सुमारे ६२ रुपये. दुकानाचं भाडं अजून त्यात धरलेलं नाही. शिवाय त्या पाऊण तासात समोर उभं असलेलं दुसरं गिऱ्हाईक निघून गेलं, ते वेगळंच.

आज हेच काम मी दीड तासात करतो आणि ३५० रुपये घेतो. तासाला २३३. दर वाढला म्हणून फक्त फायदा झालेला नाही. काम परत येत नाही म्हणून झाला. कॉलेजात याला कॉस्ट ऑफ पुअर क्वालिटी म्हणतात. परीक्षेत त्याची व्याख्या मी बरोबर लिहिली होती. अर्थ मामांच्या गुडघ्यावरच्या पट्टीने शिकवला.

म्हणून तीन सवयी आजपासून लावा:

- जॉब कार्डवर दोन आकडे लिहा. पुढचं माप, मागचं माप. आकडे नाहीत तर टेन्शनर लावायचा नाही. मुलगा कामाला ठेवाल तेव्हा तोही हेच करेल, तुम्ही दुकानात असा-नसा.
- मोजल्याशिवाय दर सांगू नका. आधी १० मिनिटं तपासणी, मग दर. गिऱ्हाइकाला माप दाखवा. ज्याला कारण दिसतं तो घासाघीस कमी करतो.
- दुसऱ्यांदा तीच तक्रार आली की थांबा. एकच उपाय दुसऱ्यांदा करायचा नाही. पहिल्यापासून तपासायचं. तिसऱ्यांदा येण्याची वाट मी बघितली, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

मामांना मी मजुरीचे २०० रुपये परत दिले. ते घेत नव्हते, खिशात कोंबले. नंतर त्यांनीच पेपर टाकणाऱ्या आणखी दोघांना माझ्याकडे पाठवलं.

तुमचं दुकान सायकलीचं नसेल, शिलाईचं असेल, मोबाईलचं असेल, मेसचं असेल. प्रत्येक धंद्यात अशी एक स्प्रिंग असते, जी ताणली की दोष चार दिवस झाकला जातो. तुमच्या धंद्यातली ती स्प्रिंग कुठली, हे आज रात्री वहीत लिहून काढा. हाच या आठवड्याचा होमवर्क.

मापं घेण्याची पद्धत व्हिडिओत हळू करून दाखवली आहे, व्हर्नियर हातात घेऊन बघा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मोजा, मग आवळा!