ताण स्वतःच्या बळावर

सक्रिय ताण म्हणजे काय?
हात, पट्टा किंवा जोडीदाराची मदत न घेता, विरुद्ध बाजूच्या स्नायूच्या जोरावर दिलेला ताण. दुसऱ्याने पाय धरून वर नेला, तर तो निष्क्रिय ताण. उभे राहून पायाचा अंगठा हाताने धरून पाय उचलण्याच्या उत्थित हस्त पादांगुष्ठासनात फरक लगेच कळतो: अंगठा सोडला की पाय किती खाली येतो ते पाहा. उरते ती खरी सक्रिय लवचिकता.

आत काय घडते?
मांडीचा पुढचा स्नायू आकसला की मागच्या स्नायूंना सैल पडण्याचा संदेश मज्जारज्जूतून जातो. ही यंत्रणा उलगडणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन १९३२च्या नोबेलचे सहमानकरी.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी
आधी ५ ते १० मिनिटे चाला. उताणे झोपा, एक गुडघा दुमडून पाऊल जमिनीवर टेका. दुसरा पाय सरळ ठेवून सावकाश उचला. मांडीमागे हलकी ओढ जाणवली की तिथेच २ सेकंद थांबा, श्वास सोडा, पाय खाली आणा. ८ ते १० वेळा, मग पाय बदला. कंबर जमिनीवरून उचलू देऊ नका.

• स्थिर ताण: एकाच स्थितीत साधारण १० ते ३० सेकंद.
• झटके नकोत. अचानक ताणलेला स्नायू बचावासाठी उलट आकसतो.
• मुंग्या, बधिरपणा किंवा विजेसारखी कळ आल्यास थांबा आणि डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.