अहो, ते ताक नव्हतं!

बाल्कनीत गार्डन फुलवणं एकदम झकास. पण नर्सरीतून आणलेल्या त्या बाटलीवर लेबल आहे ना?

रविवार दुपार. पानं वाढलेली. सासरेबुवांनी ओट्यावरची बाटली उचलली. आत पांढरंशुभ्र काहीतरी. ‘वा, ताक!’ म्हणत त्यांनी बूच उघडलं आणि वासानेच तोंड फिरवलं. ते होतं जास्वंदीवर मारायचं औषध!

आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरचा हा किस्सा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला म्हणून सकाळीच ती नर्सरीत गेली होती. तिथल्या काकांनी मोठ्या डब्यातलं औषध तिच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं. ‘एक बूच पाण्यात टाका आणि मारा!’ औषधाचं नाव? तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अशी बरीच औषधं पाण्यात मिसळली की दुधासारखी पांढरी होतात. फवारून उरलेलं तिनं त्याच बाटलीत भरून ठेवलं.

वास उग्र होता म्हणून निभावलं. सगळ्याच औषधांना तो नसतो. आणि एक घोट गेलाच असता, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असता, ‘काय प्यायले?’ त्याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं.

बिहारमध्ये २०१३ साली शाळेतल्या मध्यान्ह भोजनाने २३ मुलांचा जीव घेतला. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. विषाची आणि खाण्यापिण्याची भांडी एकमेकांत मिसळली की काय होतं, हे त्यातून शिकायला हवं.

त्रिकोण बघितलात का?

कीटकनाशकाच्या लेबलवर एक रंगीत चौकोन असतो, खालच्या टोकावर उभा. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी. निरुपद्रवी नव्हे! लाल-पिवळ्याला बाल्कनीत नो एन्ट्री. लेबलवरच विषबाधेवरचा उपायही छापलेला असतो. लेबलशिवाय कीटकनाशक विकणं १९६८च्या कायद्यात बसतच नाही. त्यामुळे सुटं औषध कितीही स्वस्त मिळो, ‘नको काका’ म्हणायचं.

बूचभर म्हणजे किती?

समजा, लेबल सांगतं लिटरला २ मिली. तुमची स्प्रे-बॉटल अर्ध्या लिटरची, म्हणजे हवं फक्त १ मिली. बुचात सहज ५ मिली मावतं. झालं ना पाचपट? सुई नसलेली सिरिंज घ्या आणि ती फक्त याच कामाला ठेवा.

शिवाय तुळस, पुदिना, कढीपत्ता आपण थेट तोंडात टाकतो. आंतरप्रवाही औषधं तर पानाच्या आत भिनतात, धुऊन जात नाहीत. तेव्हा लेबलवर त्या झाडाचं नाव नसेल, तर मारू नका. आणि चौदाव्या मजल्यावरून उडालेला फवारा तेराव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो, हेही लक्षात असू द्या!

मग किडीचं काय?

टेन्शन नको. थोडा पिठ्या ढेकूण असेल, तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या इअरबडने पुसून काढा. जास्त असेल, तर ती फांदीच छाटा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि लिक्विड सोपचे काही थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. मात्र कडुनिंबाचं तेलही लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये. ‘नॅचरल’ म्हणजे सेफ, असं नसतं.

एवढं कराच

- औषध मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. ओट्यावर, सिंकखाली नाही.
- लागेल तेवढंच मिसळा, उरवू नका.
- फवारताना ग्लोव्हज आणि मास्क घाला, वारा नसताना मारा. नंतर हात साबणाने धुवा.
- अंगावर सांडलं, तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा.
- पोटात गेलं, तर उलटी करवू नका. १०८ला फोन करा आणि बाटली लेबलसकट हॉस्पिटलमध्ये न्या. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल-फ्री नंबर १८०० ११६ ११७.

मैत्रिणीची जास्वंद आता मस्त फुललीये. आणि तिच्या सासऱ्यांना ताक आता फक्त पेल्यातूनच मिळतं!