अजून, अजून, अजून!

रविवारी बेळगावच्या खासबागेत गाडी घालणं म्हणजे शहाणपणाचं लक्षण नव्हे. बसवेश्वर सर्कलपासून बाजार पसरलेला असतो. भाजीवाल्यांच्या आरोळ्या मराठीत सुरू होतात आणि कानडीत संपतात. त्यातून वाट काढत विणकरांच्या गल्लीत वळलं की आवाज बदलतो. सुट्टीच्या दिवशीही एखाद्या घरात यंत्रमाग चालू आहे. त्याची खटखट गल्लीतल्या छोट्या सभागृहातही ऐकू येते. तिथं आज फुप्फुसांची तपासणी आहे.

टेबलावर हातात मावेल एवढा स्पायरोमीटर, शेजारी लॅपटॉप, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि नाकाचे चिमटे. श्वसनोपचाराचं शिक्षण घेणारे दोघं आज हे यंत्र हाताळणार आहेत. मुलगी चंदगडची, मुलगा गोकाकचा. त्यांच्या मॅडम मागं खुर्ची टाकून बसल्या आहेत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी बहुतेक ठरवलंय.

पहिल्यांदा यंत्राचीच परीक्षा. मुलगा तीन लिटरची मोठी सिरिंज जोडतो आणि दट्ट्या ढकलतो: एकदा जोरात, एकदा मध्यम, एकदा सावकाश. आत गेलेली हवा बरोबर तीन लिटर आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. यंत्रानंही तेवढीच सांगितली पाहिजे. फरक तीन टक्क्यांच्या आत.

पहिले येतात ते अठ्ठावन्न वर्षांचे विणकर. हयात मागावर गेलेली, खिशात बिडीचं बंडल.

"काय त्रास होतोय मामा?"

"जिना चढताना दम लागूलालाय. बाकी काय नाही."

मुलगी प्रश्न विचारत जाते. अलीकडे हार्ट अटॅक आला होता का? डोळ्याचं ऑपरेशन? थुंकीतून रक्त? सगळ्याला नाही. मग चपला काढायला लावून उंची मोजते: 164 सेंटिमीटर. तिला स्वतःला मागं सरकून, पायाच्या चवड्यांवर उभं राहून आकडा वाचावा लागतो. उंची चुकली तर अपेक्षित आकडे चुकतात आणि पुढचं सगळंच चुकतं.

नाकाला चिमटा लागतो. मामा नळी तोंडात धरतात, पोटभर श्वास घेतात, फू करून सोडतात आणि नळी काढून हसतात. झालं! पडद्यावर आकडे येतात. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा 1.42 लिटर, एकूण 1.98. गुणोत्तर 0.72.

"सत्तरच्या वर आहे मॅडम," मुलगी म्हणते. "नॉर्मल."

मॅडम फक्त पडद्यावरच्या रेषेकडे बोट दाखवतात. रेषा चढता चढता मध्येच तुटली आहे. मामांनी श्वास संपण्याआधीच सोडून दिलाय. छातीत हवा शिल्लक आहे, म्हणून एकूण आकडा लहान दिसतोय आणि भागाकार मोठा. श्वासनळ्या आकसलेल्या माणसाचा शेवटचा श्वास फार हळू निघतो आणि आजार नेमका त्या शेपटात असतो. ते शेपूट कापलं की आजारी माणूस कागदावर ठणठणीत ठरतो.

"पुन्हा," मॅडम म्हणतात. "आणि लाजू नकोस. ओरड."

मुलगी खुर्ची पुढं ओढून मामांच्या डोळ्यांसमोर बसते. "मामा, आता मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. घ्या, घ्या, घ्या... सोडा! जोरात! अजून, अजून, अजून, अजून!" मामांचा चेहरा लाल होतो, मानेच्या शिरा ताठ होतात. खिडकीला नाक लावून उभी असलेली पोरंही "अजून, अजून" करू लागतात. पडद्यावरची रेषा सरपटत पुढं जाते आणि शेवटी आडवी होते. एकूण 2.52. थोडी विश्रांती, पुन्हा तोच गोंधळ: 2.61. दोन चांगल्या फुंकरींत फरक दीडशे मिलिलिटरच्या आत हवा; इथं नव्वद आहे. पहिल्या सेकंदाचा आकडा मात्र तोच, 1.42. गुणोत्तर आता 0.54. माणूस तोच, यंत्र तेच. बदललाय तो समोरचा आवाज.

मग सालब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून आणि पंधरा मिनिटं थांबायचं. चहा येतो. मामा विचारतात, "हे फुंकायचं खूळ काढलं कुणी?" मॅडम सांगतात, लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या सर्जननं. पाण्यावर तरंगणारं भांडं घेऊन त्यानं दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावलं आणि 1846 मध्ये ते छापलं. उंचीबरोबर श्वासाची क्षमता वाढते, हे त्यानंच दाखवलं. पण सेकंदाचा हिशेब त्याच्याकडं नव्हता. पहिल्या सेकंदात किती हवा निघते हे बघायची युक्ती फ्रान्सच्या तिफनोची, 1947 सालची. मामांच्या छातीतला दोष हचिन्सनला दिसला नसता. हवा पुरेशी आहे, ती निघायला वेळ लागतोय.

औषधानंतर आकडा 1.53 वर जातो. एकशेदहा मिलिलिटरची वाढ. दम्यात अपेक्षित असते तशी नव्हे. गुणोत्तर 0.58, सत्तरच्या खालीच. मामा विचारतात, "पास काय नापास?"

"परीक्षा बिडीची होती मामा. ती नापास झाली."

पुढच्या खुर्चीत एक आजी. त्यांना मराठी कळतं, पण धीर येतो कानडीनं. गोकाकच्या मुलाचा आवाज आता सभागृह दणाणून सोडतो: "ऊद्री, ऊद्री, इन्ना, इन्ना!"

दुपारी हेच दोघं शहरातल्या एका रुग्णालयाच्या छातीच्या वॉर्डात आहेत. इथं ओरडण्याचा काही उपयोग नाही. पलंगावर निपाणीकडच्या एक मावशी, तंबाखूच्या वखारीत उमेदीची वर्षं गेलेली. नाकात ऑक्सिजनची नळी, वाक्य तीन शब्दांवर तुटतंय. त्यांना फुंकायला सांगणं शक्यच नाही. आता जे काय आहे ते हातांनी करायचं.

मुलगी मावशींना मूठ आवळायला सांगते, मनगटातल्या दोन्ही रक्तवाहिन्या दाबते, मूठ उघडायला लावते आणि करंगळीकडची सोडते. पांढरा पडलेला तळवा काही सेकंदांत लाल होतो. म्हणजे अंगठ्याकडच्या धमनीला सुई लावायला हरकत नाही. दोन बोटांनी ठोका शोधून ती हेपरिनच्या सिरिंजची सुई तिरकी घालते. दट्ट्या ओढावा लागत नाही. लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं आपणहून वर चढतं. कापूस दाबून धरायचं काम मुलाकडं, घड्याळ लावून पाच मिनिटं. मुलगी सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढते, तळहातांत सिरिंज फिरवते आणि मशीनकडं निघते. बुडबुडा राहिला तर त्यातला वायू रक्तात मिसळून आकडे बिघडवतो. अर्धा तास नुसतं ठेवलं तर रक्तातल्या पेशीच प्राणवायू खातात.

कागद बाहेर येतो. पीएच 7.36, कार्बन डायऑक्साइड 58, बायकार्बोनेट 32, प्राणवायू 58. "ऑक्सिजन किती चालू होता?" मॅडमचा पहिला प्रश्न. "दोन लिटर," मुलगी कागदावर लिहूनच आली आहे.

मग फळ्यावर आकडेमोड. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, त्यामुळं हवेचा दाब मुंबईच्या 760 ऐवजी 695 च्या आसपास. त्यातून वाफेचे 47 वजा, उरलेल्याचे एकवीस टक्के म्हणजे 136, त्यातून कार्बन डायऑक्साइडपायी 50 वजा. निरोगी माणसाच्या वायुकोशात इथं प्राणवायूचा दाब 86. मुंबईत तो 100. पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा असतो, हे बेळगावात शिकणाऱ्यानं लक्षात ठेवायचं.

"आणि बायकार्बोनेट?" मॅडम विचारतात. मुलगा अडखळत सांगतो: वायू बरेच महिने साठतोय, म्हणून मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट धरून ठेवलंय, त्यामुळं पीएच सावरलेलं आहे. मॅडम मान हलवतात. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये याच ठिकाणी गफलत झाली होती. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा एकूण साठा वाढलेला बघून डॉक्टरांना वाटलं, हा अल्कलीचा दोष. तो श्वास न पुरल्यामुळं तुंबलेला वायू आहे, हे ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं ओळखलं. मग सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातानं फुगे दाबले आणि रुग्णांचा श्वास चालू ठेवला. तिथल्या धावपळीतूनच रक्तवायूंचं मोजमाप रोजच्या कामात आलं.

मावशींचा भाचा ऑक्सिजनच्या चकतीकडं हात नेतो. "प्राणवायू कमी आहे म्हणता, मग वाढवू की थोडा!"

"नको दादा," मुलगी त्याचा हात अडवते. "बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा 88 ते 92 मध्ये राहू दे. जास्त दिला तर साठलेला वायू आणखी चढेल, मावशी गुंगीत जातील."

भाचा हात मागं घेतो, पण शंका राहतेच. "मावशी फुंकल्या नाहीत, तरी तुम्हाला कसं कळलं एवढं?"

"रक्तानं आज कसं चाललंय ते सांगितलं. छाती किती उरलीय ते फुंकल्याशिवाय कळत नाही. बऱ्या झाल्यावर, महिना-दीड महिन्यानं घेऊन या. तेव्हा फुंकायचं मावशींनी," ती सिरिंजची टोपी डब्यात टाकत म्हणते, "आणि ओरडायला मी आहे."