एकफलकी संगणकावरील बिनतारी यंत्रणा

प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदानाची अंगे एकाच छापील मंडलफलकावर बसविलेल्या संगणकाला एकफलकी संगणक म्हणतात. तारेच्या जोडणीवाचून जालकाशी संपर्क साधण्यासाठी अशा फलकावर असलेला रेडिओ प्रेषक-ग्राही, त्याचा आकाशक (तरंग सोडणारे व ग्रहण करणारे अंग) आणि त्यांना चालविणाऱ्या आज्ञावल्या यांना मिळून येथे बिनतारी यंत्रणा म्हटले आहे. यंत्रणा फलकावर असणे आणि ती कार्यान्वित होणे या दोन भिन्न गोष्टी होत. नव्या फलकाला वीज दिली, दिवे लागले, पडद्यावर चित्र उमटले, तरी वाय-फाय मात्र मुके राहते, असा अनुभव पुष्कळांना येतो आणि फलकच सदोष असल्याचा समज होतो. बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते. ते एखाद्या आज्ञावलीच्या किंवा परवानगीच्या प्रतीक्षेत असते.

रास्पबेरी पाय या नावाचा, पुढे शाळा-महाविद्यालयांत सर्वपरिचित झालेला फलक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्यावर बिनतारी यंत्रणा नव्हती. यूएसबी खाचेत बसणारा लहानसा डाँगल वेगळा घ्यावा लागे. २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील वाय-फाय फलकावरच आले आणि २०१८ मधील सुधारित फलकात ५ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्याची भर पडली.

संगणक सुरू होताना बिनतारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने जागी होते. प्रथम कार्यकारी प्रणालीचा गाभा चिपची ओळख पटवितो. डाँगल असल्यास निर्माता आणि उत्पादन यांचे दोन क्रमांक त्यातून वाचले जातात व त्यांवरून योग्य ड्रायव्हर निवडला जातो. येथे ग्राहकाची फसगत होण्याचा संभव असतो. कारण वेष्टनावरील नाव तेच ठेवून आतली चिप बदलल्याची उदाहरणे आहेत. म्हणून ड्रायव्हर शोधताना वेष्टनावरील नावावर न विसंबता हे दोन क्रमांक पाहावेत. ड्रायव्हर गाभ्यात समाविष्ट नसल्यास तो बाहेरून आणून त्या गाभ्यासाठी संकलित करावा लागतो आणि गाभा अद्ययावत झाला की पुन्हा तेच काम करावे लागते. काल चालणारे वाय-फाय अद्ययावतीकरणानंतर आज बंद पडते, याचे हे एक नेहमीचे कारण होय.

ड्रायव्हर मिळाला तरी काम संपत नाही. बिनतारी चिपमध्ये स्वतःचा एक छोटा प्रक्रियक असतो आणि त्याची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, पुष्कळ चिपांत कायमची कोरलेली नसते. प्रत्येक वेळी वीज आल्यावर संगणक ती स्मृतिपत्रावरून वाचून चिपमध्ये भरतो. ही फाइल नसल्यास चिप ओळखली जाते, पण बिनतारी जोडणी यादीत दिसत नाही. फर्मवेअर बहुधा निर्मात्याच्या मालकीचे असून त्याची मूळ संहिता खुली नसते. त्यामुळे डेबियनसारख्या मुक्त प्रणालीने ते आपल्या अधिकृत स्थापना-संचापासून दीर्घकाळ वेगळे ठेवले होते. २०२२ मधील मतदानानंतर त्याचा संचात समावेश करण्याचे ठरले व २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. तत्त्वनिष्ठा मोलाची खरी. परंतु जालकाची जोडणी मिळविण्यासाठी लागणारी फाइल जालकावरूनच आणावयाची, हा पेच नवशिक्याला उलगडणे अवघड होते.

यापुढील टप्पा कायद्याचा आहे. रेडिओ तरंग कोणत्या कंप्रतेवर (एका सेकंदातील कंपनांच्या संख्येवर) व किती शक्तीने सोडावेत हे प्रत्येक देश ठरवितो. भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने असे यंत्र परवान्यावाचून बाळगण्यास मनाई होती. जानेवारी २००५ मधील अधिसूचनेने २,४०० ते २,४८३·५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा परवानामुक्त झाला. त्यासाठी प्रेषकाची शक्ती कमाल १ वॉट, आकाशकासह परिणामी शक्ती ४ वॉट आणि आकाशकाची उंची छपरापासून ५ मीटरच्या आत अशा अटी होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगॅहर्ट्‌झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचे पट्टे परवानामुक्त करण्यात आले. फलकाला आपण कोणत्या देशात आहोत हे आपोआप कळत नाही. म्हणून २०१८ पासून रास्पबेरी पायच्या प्रणालीत वापरणाऱ्याने देश सांगेपर्यंत वाय-फाय बंद ठेवण्याची योजना आहे. ही अडवणूक नसून नियमपालनाची सोय आहे. देश चुकीचा सांगितल्यास होणारा घोटाळा अधिक फसवा असतो. अमेरिकेच्या नियमांनुसार २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात सर्वसाधारणपणे ११ चॅनेल वापरतात, तर भारतात १३ वापरता येतात. फलकावर अमेरिका निवडलेली असेल आणि घरचा राउटर तेराव्या चॅनेलवर असेल, तर शेजाऱ्यांची सर्व जालके दिसतात, स्वतःचे तेवढे दिसत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या सलग नागरी पट्ट्यात हा प्रश्न विशेष जाणवतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांहून, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. डोंबिवलीतील एखाद्या सोसायटीत बैठकीच्या खोलीत बसून शोध घेतला, तर वरच्या, खालच्या व समोरच्या बिऱ्हाडांतील राउटर एकदमच यादीत उमटतात. २·४ गिगॅहर्ट्‌झमधील चॅनेलांची मध्ये परस्परांपासून ५ मेगॅहर्ट्‌झवर असली, तरी प्रत्येक संदेश सु. २० मेगॅहर्ट्‌झ रुंद असतो. त्यामुळे परस्परांवर न चढणारी चॅनेले सामान्यतः १, ६ व ११ ही तीनच. वाय-फाय यंत्र बोलण्यापूर्वी ऐकते आणि त्याच चॅनेलवर दुसरे कोणी बोलत असल्यास थांबते. म्हणून अशा गर्दीत शक्ती वाढवून फारसे साधत नाही. सर्वांनीच आवाज चढविला, तर प्रतीक्षाच वाढते. ५ गिगॅहर्ट्‌झचे तरंग सिमेंट काँक्रीटच्या भिंतींतून कमी पार होतात. एरवी हा दोष मानला जातो; दाट वस्तीत मात्र शेजाऱ्याची भिंतच आपले रक्षण करते. राउटर त्याच खोलीत असेल तर हाच पट्टा निवडावा.

काही दोष शुद्ध विद्युतीय असतात. भ्रमणध्वनीच्या जुन्या चार्जरवर फलक चालविल्यास दाब ५ व्होल्टच्या पुष्कळ खाली उतरतो व प्रेषणाच्या क्षणी जोडणी तुटते. धातूच्या पेटीत फलक बंद केला तर आकाशक झाकला जातो. यूएसबीच्या तिसऱ्या पिढीच्या खाचा व तारा २·४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट निर्माण करतात. बाह्य तबकडी जोडताच वाय-फाय मंदावल्यास तिची तार दूर नेऊन पाहावी.

शहरात जी अडचण गर्दीची, तीच गावाकडे अंतराची होते. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर भागात, खामलोली व आसपासच्या गावांत, मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेने दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील रिकामी चॅनेले गावोगावच्या जोडणीसाठी वापरून पाहिली. या कंप्रतेचे तरंग झाडीतून व चढउतारांवरून अधिक दूर पोहोचतात. गावात आल्यावर पुढचे वाटप नेहमीच्या वाय-फायने होते. संस्थेतील संशोधकांनी देशातील दूरचित्रवाणी प्रेषकांच्या माहितीवरून, कोणत्या ठिकाणी कोणते चॅनेल रिकामे आहे हे सांगणारा माहितीसंच तयार केला. अशा व्यवस्थेत यंत्राला केवळ देश सांगून भागत नाही. प्रेषणापूर्वी त्याने स्वतःचे अक्षांश-रेखांश कळवून उत्तराची वाट पाहावयाची असते.